प्लस वनचा पाहुणा

सोलापुरात टॉवेल बनवणाऱ्या एका शेठसाठी मी गिऱ्हाइकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर लिहीत होते. शेठची एक हौस होती. फोन नंबर टाकला की शेजारी त्या देशाचा झेंडा आपोआप उमटला पाहिजे.

"शेठ, प्लस वन एकट्या अमेरिकेचा नाही," मी सांगितलं. "कॅनडाचा तोच, तिकडच्या कितीतरी बेटांचाही तोच. देश कळतो पुढच्या तीन आकड्यांवरून. तेवढं काम करायला मला आठवडा द्या."

"मॅडम, प्लस वन म्हंजे अमेरिका. हे शेंबड्या पोराला बी ठावं हाय."

सॉफ्टवेअर त्यांचं, हौस त्यांची. मी अमेरिकेचा झेंडा लावून मोकळी झाले.

पुढे मुंबईच्या एजंटनं कळवलं की एक मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येतंय. सोबत फक्त नाव आणि नंबर. शेठनी नंबर टाकला, झेंडा बघितला आणि कामाला लागले. दारात अमेरिकेच्या झेंड्याचा स्वागताचा फ्लेक्स लागला. त्या लोकांना तिखट सोसत नाही म्हणून काकूंना, म्हणजे शेठच्या बायकोला, उकडलेले बटाटे आणि फिक्की डाळ करायला सांगितलं. इंग्रजी बोलायला मी.

गाडीतून उंच, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ उतरले. फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे राहिले. मग अदबीनं मला म्हणाले, "आणखी कुणी यायचंय का?"

मी मोबाइलमध्ये त्यांचा नंबर काढला. प्लस वनच्या पुढे आठ, सात, सहा.

"तुम्ही जमैकाचे?"

"जन्मापासून."

मी शेठच्या कानात सांगितलं.

"जमैका? क्रिकेटवालं?" शेठचा चेहराच उजळला. मागांच्या खडखडाटात त्यांनी पाहुण्यांना हवेतल्या हवेत बाउन्सर टाकला. पाहुण्यांनी मान वाकवून तो सोडून दिला. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही, पण त्यांना दुभाषी लागलाच नाही.

जेवताना पाहुण्यांनी दोन बटाटे कसेबसे संपवले आणि विचारलं, "मिरची घातलेलं काही आहे का?" मी ते मराठीत सांगितलं, तेव्हा बटाटे उकडायला मीच सांगितलं असावं अशा नजरेनं काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आली.

"छान आहे," पाहुणे म्हणाले. "आमच्याकडची मिरची जरा जास्त तिखट असते."

काकू आत गेल्या आणि ठेचा घेऊन आल्या. पाहुण्यांनी खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी ताट पुढे केलं.

ऑर्डर मिळाली. दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. "मॅडम, ते तीन आकड्यांचं काय ते घालून टाका."

मी घातलं. लगेच पाहुण्यांच्या बहिणीचा नंबर नोंदवायला आला, तिलाही टॉवेल हवे होते. झेंडा उमटला जमैकाचा, आणि बाई राहायला अमेरिकेत, मायामीत. नंबर तेवढा माहेरचाच ठेवला होता.

"आता हो?" शेठ म्हणाले. "मानूस कुटं ऱ्हातो हे कळायचं कसं?"

"विचारायचं."

त्यांनी थोडा विचार केला. "व्हय, हे बरं हाय."

मी झेंडे काढले आणि देश लिहायचा रकाना ठेवला. शेठ तेव्हापासून फोनवर प्रत्येकाला आधी "कुटनं बोलताय?" असं विचारतात. मुंबईचा एजंटही त्यातून सुटत नाही.