तसबिरीमागचा पंखा

“हा दमा तुम्हाला घराण्यातून आलेला नाही. कारखान्यातून आलाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मी खुर्चीत ताठ झाले. घाबरून नव्हे. सहा महिने सगळे म्हणत होते, हिला गारठा बाधला, ही फार काळजी करते. माझी शंका वेगळीच होती आणि ती खरी निघाली.

नव्वदीच्या दशकात अंबडच्या एका लहान कारखान्यात मी सोल्डरिंग करायचे, म्हणजे तापलेल्या टोकाने तारा जोडायचे. त्यात राळ जळते. धूर धुपासारखा, वास चांगला, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आधी खोकला आला, मग छातीत शिट्टी, मग जिन्यावर धाप.

बाईंनी पीक फ्लो मीटर दिलं होतं. ही फुंकायची नळी; श्वास किती जोरात सुटतो ते तिचा काटा दाखवतो. मी रोज फुंकून वहीत लिहिलं. कामाच्या दिवशी काटा खाली, शनिवारी आमच्या सुट्टीला वर. त्या वहीवरूनच बाईंनी ऑक्युपेशनल अस्थमा ओळखला, म्हणजे कामाच्या जागेमुळे जडलेला दमा.

“इनहेलर देते. पण त्याच धुरात बसलात तर काम सोडावं लागेल. तिथे पंखा नाही का?”

पंखा होता, धूर बाहेर ओढणारा. त्याच्यापुढेच सप्तशृंगीची तसबीर. पंखा लावला की दिवा विझायचा, म्हणून दिवा असेपर्यंत पंखा बंद. आणि दिवा रोज मीच लावायचे, पाळीभर पुरेल इतकं तेल घालून! सांगताना मला हसू आणि रडू एकदमच आलं.

मला ते काम मनापासून आवडायचं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर गांगुर्डे साहेबांपुढे वही ठेवली. ते चाचरले, “देवी हलवायची म्हणजे बायका काय म्हणतील?”

शेजारच्या बाकावरची शकूताई उठली. “देवीला कोपरा चालंल, हिच्या छातीला धूर नाय चालत. धरा तसबीर.”

पंखा सुरू झाला आणि जळमटांसकट धूर बाहेर गेला. बघताना मला इतका आनंद झाला की हातातलं काम राहिलं. औषध चालूच होतं. हळूहळू कामाच्या दिवशीही काटा शनिवारच्या खुणेला टेकला, तेव्हा मी ती वही बाकाबाकावर दाखवत फिरले.

सुट्टीत बरं आणि कामावर त्रास, असं तुमचं होत असेल तर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आपलीच एखादी सवय त्यात सापडली तर लाजू नका.

मी अजून तिथेच कामाला आहे आणि कोपऱ्यातला दिवा अजून मीच लावते. आधी पंखा, मग दिवा.