रशीवर पाळत

आमची कचेरी नंदुरबारला कापसाच्या एका जुन्या वखारीच्या माडीवर होती. ती गुप्त होती, त्यामुळे तिला पाटी नव्हती. पाटी नसलेली गावातली ती एकच कचेरी, म्हणून कुठल्याही टांगेवाल्याला नुसतं "पाटी नसलेल्या कचेरीत ने" म्हटलं की तो बरोब्बर आणून सोडायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्षभर झालं असेल. वरून एक पत्र आलं. गुप्त शाखेबद्दल जनतेच्या मनात गैरसमज आहेत, ते दूर व्हावेत म्हणून येत्या शेतकी प्रदर्शनात आपल्या कामाचं एक दालन मांडता येईल का, याचा विचार करून कळवावे. पत्रावर 'अत्यंत गोपनीय' असा शिक्का होता.

आमचे साहेब पुण्याचे. पत्र वाचून ते दिवसभर येरझाऱ्या घालत होते. "अहो, दाखवायचं काय? दाखवलं तर गुप्त राहत नाही, नाही दाखवलं तर दालन कसलं?"

मी कपाट उपसलं. निघालं ते असं : एक खोटी दाढी, तिला कसर लागलेली, अदृश्य शाईची बाटली, तिची शाई आता बाटलीतूनही अदृश्य झालेली, आणि एक दुर्बीण, जिच्या एका डोळ्यातून माणसं उलटी दिसत. साहेबांनी मान हलवली. मग त्यांना एकदम सुचलं. "एक नमुनेदार अहवाल लावू. नावं शाईनं पुसून, काचेच्या चौकटीत. लोकांना कळू दे आपण काय बारकाईनं काम करतो. आणि तो कुठला लावायचा ते मला विचारूच नका. तुमचा! रशियन कटाचा!"

मी घाईघाईनं कपाटाचं दार लावून टाकलं.

त्याचं कारण सांगायचं तर चार वर्षं मागं जावं लागेल. मी तेव्हा सातारकडून नवाच आलो होतो, हंगामी कारकून म्हणून. कामात चमक दिसली तर कायम करू, नाहीतर घरी जा, असं स्पष्ट सांगितलेलं. मला म्हसावदला पाठवलं. सरकीच्या दलालाचा मुनीम असं माझं सोंग होतं. मी एस.टी. थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचो. टपरीवाला लांबूनच ओरडायचा, "शीआयडी साहेब, कडक का साधा?"

अहिराणी मला तेव्हा येत नव्हती. मराठीचीच ती धाकटी बहीण, कळेल हळूहळू, असा माझा भ्रम. एका सकाळी शेजारच्या बाकावर पांढरं धोतर, काळी टोपी घातलेला एक बडा गुजर शेतकरी दोघातिघांना सांगत होता, "सकाय मन्हा घर रशी शे. बठ्ठा जन या."

'सकाय' म्हणजे उद्या, एवढं मला कळत होतं. मी वर्तमानपत्र आणखी वर केलं. त्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर रशियाच होता.

दुसरा म्हणाला, "मांगला सालनी रशी तेज व्हती भो! डोयामा पानी उनं."

"औंदानी तिन्हापेक्षा तेज शे," शेतकरी म्हणाला. "लालभडक!"

आता सांगा, मी काय समजायचं? दुसऱ्या दिवशी त्याच्या घरासमोरच्या कुंपणाआड दबा धरून बसलो. चाळीसेक माणसं आत गेली. तासाभरानं बाहेर आली ती लाल चेहऱ्यांनी, डोळे पुसत, नाकं ओढत. मी घामाघूम होऊन अहवाल लिहिला. 'रशी या टोपणनावाची रशियन स्त्री येथे दरसाल येते. ती लाल विचारांची असून यंदा अधिकच जहाल झाली आहे. तिच्या प्रभावाने श्रोत्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. हा पूर्वनियोजित कट असावा.'

साहेबांनी खाली लाल शाईनं शेरा मारला : 'मी स्वतः खात्री करून घेतली आहे.' वरून शाबासकीचं पत्र आलं. महिन्याभरात मी कायम झालो.

आणि कायम झाल्यानंतर चौथ्या दिवशी माझ्या घरमालकीणबाईंनी पुरणपोळीच्या ताटात एक वाटी ठेवली. पुरणाची डाळ शिजवलेलं पाणी, काळा मसाला, वर बोटभर लाल तर्री. "ल्या भाऊ," त्या म्हणाल्या, "रशी गरम शे तवलोंग पी ल्या."

डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं आलं असंच त्यांना वाटलं.

तेव्हापासून चार वर्षं मी गप्प होतो. आणि आता तोच अहवाल काचेत बसवून, अख्ख्या खानदेशासमोर! शाळकरी पोरही वाचून हसलं असतं. माझी 'कायम' ही पदवी त्या एका वाटीवर उभी होती; वाटी कलंडली की मी सातारला. मी साहेबांना नाना परींनी विनवलं. राष्ट्राची सुरक्षा काढली, अक्षर खराब आहे म्हणालो. "विनय पुरे," साहेब म्हणाले.

त्यातून साहेबांनी ठरवलं, वर कळवण्याआधी प्रदर्शन समितीतल्या एखाद्या जाणत्या शेतकऱ्याचं मत घेऊ. त्याप्रमाणे एक जण आला. माडीचा जिना चढून येणारं ते पांढरं धोतर आणि काळी टोपी मी खिडकीतूनच ओळखली. म्हसावदचाच तो शेतकरी!

त्यानं चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून अहवाल वाचू लागला. बोट 'रशी'वर थांबलं. मग 'अश्रू'वर. मग त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी जेवढं गयावया करता येईल तेवढं केलं.

"काका, काय वाटतं? लोकांना दाखवावं?" साहेबांनी विचारलं.

काकांच्या मिशा थरथरल्या. "साहेब, हाई बाईले मी वयखस."

साहेब खुर्चीतून उठलेच. "काय सांगता! कुठं असते ती?"

"येता रविवारे मन्हाच घर शे. तुम्ही स्वता या. पन उपाशी पोटे या."

साहेबांनी मला बाजूला घेऊन कुजबुजत विचारलं, "उपाशी पोटी का?" मी म्हटलं, "काही सांकेतिक असेल."

रविवारी आम्ही जीपनं निघालो. साहेबांनी कॅमेरा घेतला होता आणि, खोटं का बोलू, बेड्याही. मी वाटभर मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा लिहीत होतो.

ओसरीवर पंगत मांडलेली. काका म्हणाले, "बठा साहेब, ती येईच ऱ्हायनी." साहेब दाराकडे नजर लावून पाटावर बसले. आतून काकांच्या वहिनी भलंमोठं पातेलं घेऊन आल्या, साहेबांच्या वाटीत पळीभर वाढलं आणि म्हणाल्या, "हाई रशी."

ओसरीवर चाळीस माणसं होती. एकही हसलं नाही.

साहेबांनी वाटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाटीकडे. मग खापरावरच्या पोळीचा तुकडा बुडवून तोंडात घातला. त्यांचा चेहरा लाल झाला, नाक ओढलं गेलं, डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. अहवालात लिहिलं होतं तसंच, शब्दनशब्द.

"अहो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ही तर आपली कटाची आमटी!"

"होय साहेब," मी पाटाकडे बघत म्हणालो.

साहेबांनी दुसरा घास घेतला. खूप वेळ चावला. "म्हणजे," ते म्हणाले, "कट होताच."

आणि मग चाळीस माणसं जी हसली, ती काकांच्या गोठ्यातले बैल दावं ओढेपर्यंत.

परतताना तापीच्या पुलावर साहेब स्वतःशीच म्हणाले, "खालचा शेरा माझा आहे. मी स्वतः खात्री करून घेतली आहे, म्हणे." थोड्या वेळानं, "आज घेतली, एवढंच." तेव्हा कुठं मी मनातला राजीनामा फाडला.

दुसऱ्या दिवशी वर उत्तर गेलं : उपलब्ध साहित्य अद्याप अतिशय तिखट स्वरूपाचे असल्याने जनतेसमोर मांडणे इष्ट वाटत नाही. 'तिखट' शब्द साहेबांनी स्वतः घातला. दालन झालं नाही.

फाईल मात्र बंद करता येईना, कारण बंद करायची तर कारण लिहावं लागतं. मग दरसाल आम्ही दोघं सरकारी दौऱ्यावर म्हसावदला जायचो आणि परत येऊन एक ओळ लिहायचो : 'सदर स्त्री आढळली. पाळत चालू.' वहिनी पळी घेऊन यायच्या आणि साहेबांना नाही, मलाच म्हणायच्या, "शीआयडी भाऊ, नीट पाळत ठेवा. पातेलामा अजून शे."