शालूचा फेटा

नव्वदच्या दशकात मी नाशिकला चित्रकला शिकत होते. कॉलेजच्या लायब्ररीत डच एचिंग्जचं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून छापलेल्या चित्रांचं, एक जाडजूड पुस्तक होतं. त्यातले काही चेहरे बघून मी थक्कच झाले. काडेपेटीएवढं चित्र, त्यात तुर्की फेट्यातला म्हातारा, नाहीतर केसाळ टोपीतला कुणी परदेशी. सर म्हणाले, यातले बरेचसे परदेशी नव्हेतच. घरातल्या-शेजारच्या माणसांना परका वेष चढवून बसवलंय. नुसत्या रेघांच्या जाळीत पापणीचा ओलावा कसा दिसतो, ते मला काही केल्या कळेना.

मला तसाच अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, चेहरा करायचा होता. अण्णा मूळचे निफाडकडचे, नोकरीला नाशिक रोडला, आणि हट्टाला पक्के.

"आपल्यात जित्या माणसाची तसबीर काढत नाय. आयुष्य घटतं."

मीही त्यांचीच लेक. पुस्तक घरी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "ही तसबीर नाहीच, अण्णा. वेष परक्याचा, म्हणजे माणूसही परका. तुमचं आयुष्य कशाला घटेल?"

त्यांना ते चक्क पटलं.

आईने स्वतःचा लग्नातला शालू त्यांच्या डोक्याला गुंडाळला. "लग्नात तरी असं नटायचं होतं!" म्हणाली. अण्णा हसले नाहीत, हललेही नाहीत. मेण चढवलेल्या जस्ताच्या पत्र्यावर मी सुईने रेघा ओढत गेले.

ॲसिडने त्या रेघांपुरता पत्रा खाल्ल्यावर मेण पुसून खाचांत शाई भरली. छापायच्या दिवशी अण्णा मला न्यायला स्कूटरवर कॉलेजात आले होते. पत्र्यावर ओला कागद ठेवून छापयंत्राचा रोलर फिरवला आणि कागद एका कोपऱ्याने उचलला. फेट्याच्या घड्यांखालून दोन डोळे वर आले. हे माझ्या हातून झालंय यावर माझाच विश्वास बसेना.

अण्णा कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता चिडणार.

"हा मी नाय," ते म्हणाले. "हा माझा बा हाय."

आजोबा अण्णांच्या लहानपणीच गेले. त्यांनीही कधी फोटो काढू दिला नव्हता. ते पागोटं बांधायचे एवढंच अण्णा सांगत. चेहरा आठवत नाही म्हणायचे.

त्यांनी कागदाकडे हात नेला.

"शाई ओली आहे, अण्णा."

त्यांनी हात मागे घेतला, आणि चपला काढून उभे राहिले.