दोन दिवसांच्या सहलीची तालीम

माझी वहिनी एका शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होती. उद्याच्या तासाला लागणाऱ्या काचनळ्या, दिवे, तराजू ती आदल्या दिवशीच मांडून ठेवायची आणि सर दाखवणार असतील तो प्रयोग स्वतः एकदा करून बघायची. "फजिती सरांची होते, पण बोलणी मला खावी लागतात," असं तिचं म्हणणं.

हीच पद्धत तिने घरी वापरली. तिची मुलगी, आमची बबी, आज सदतीस वर्षांची आहे. पण समज सहा-सात वर्षांच्या मुलीइतकीच राहिली. काही नवीन अचानक समोर आलं की बबी जमिनीवर फतकल मारून बसते आणि मग कोणाच्या बापाच्यानेही उठत नाही. तीच गोष्ट घरी चार-पाच वेळा करून घेतली की बिनचूक पार पाडते. म्हणून वहिनी प्रत्येक गोष्टीची तालीम घ्यायची. दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तेव्हा मी आठवडाभर ऑफिसातून येऊन वहिनीच्या घरी खुर्चीत तोंड उघडून बसत होतो.

"भाऊजी, आणखी मोठं," वहिनी चमचा घेऊन म्हणायची. "साहेबांसमोर बंदच असतं ना, इथे तरी उघडा."

बबी हसून हसून लोळायची. डॉक्टरकडे मात्र तिने हूं की चूं केलं नाही.

माझा भाऊ बारा वर्षांपूर्वी अचानक गेला. त्याची तालीम कोणी घेतली नव्हती. बबी दोन दिवस दाराशी जमिनीवर बसून होती.

गेल्या वर्षी वहिनी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. बबीने तिच्या अंगावर चादर घातली आणि शेजारी बसून राहिली. दोन तासांनी माझी बायको सहज डोकावली म्हणून कळलं. मग त्याचीही तालीम झाली. वहिनी फरशीवर आडवी पडायची आणि बबी धावत जाऊन शेजारची घंटा वाजवायची. पण हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की असं दोघींनीच राहणं आता चालणार नाही.

आमच्या घरात मागची खोली रिकामी असते. वहिनीने ती कधी मागितली नाही आणि आम्ही कधी देऊ केली नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्याच्या मुळाशी ते आहे.

चार तासांच्या अंतरावरच्या एका शहरात अशा प्रौढ मुलींची निवासी संस्था आहे. वहिनी एकटी जाऊन पाहून आली, कागद भरले, तारीख ठरली. त्याच शहरात मोठं संग्रहालय आहे. बबीला वस्तू मांडायचा नाद. डबे उंचीने लावेल, बटणं रंगाने लावेल. वहिनी म्हणाली, "दोन दिवस लेकीबरोबर म्युझियम बघीन. पोटभर हसू दे तिला. मग तिथे गेल्यावर सांगीन."

"तालीम?" मी विचारलं.

"सहलीची घेऊ. त्या पुढच्याची मला घेता येणार नाही, भाऊजी."

मी पडलो कॉमर्सचा. मोठ्या कागदावर दोन दिवसांचा तक्ता आखला. प्रत्येक तासाला एक चौकोन, चौकोनात घड्याळाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात एक-दोन शब्द. बबीला घड्याळ समजतं आणि रोजच्या शब्दांचे आकार ती ओळखते. वहिनीने तक्ता पाहिला. "तुमची शिस्त बघून म्युझियमवाले रजेवर जातील," म्हणाली.

तीन आठवडे तालीम चालली. चार खुर्च्या एकामागे एक लावून बस केली. स्वयंपाकघराचं टेबल म्हणजे संग्रहालय. त्यावर जुनं कुलूप, पितळी वजनं, फुटक्या कानाची बरणी आणि माझ्या भावाचा चष्मा. प्रत्येक वस्तूपुढे पुठ्ठ्याची चिठ्ठी. वहिनी पहारेकरी, मी तिकीटवाला.

पहिल्याच दिवशी बबीने चष्मा उचलला.

"ओ बाई! हात लावायचा नाही!" पहारेकरी ओरडली.

"बाबांचा आहे."

"इथे मांडला की कोणाचा नसतो. हात मागे. नुसतं बघायचं."

बबीने हात मागे बांधले आणि चष्म्याकडे इतका वेळ बघत राहिली की पहारेकरीच तोंड फिरवून चहा ठेवायला गेली.

शेवटच्या आठवड्यात बबीने तक्त्यावर बोट फिरवत एकेक चौकोन म्हणून दाखवला. बस. खोली. म्युझियम. झोप. पुन्हा म्युझियम. जेवण. मग तिचं बोट थांबलं. दुसऱ्या दिवशीचा चारचा चौकोन मी कोरा सोडला होता.

"इथे काय?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीकडे.

"काका, इथे काय?" बबी खाली बसायच्या बेतात होती. तिचे गुडघे वाकताना मला दिसले आणि मी घाबरलो. खिशातलं पेन काढून त्या चौकोनात 'घरी परत' असं लिहिलं. माझ्या हाताने.

"मग त्याची तालीम," बबी म्हणाली.

ती झाली. खुर्च्या उलट्या दिशेला लावल्या, बबीने बॅग उचलली, कुलूप उघडल्यासारखं केलं, चपला जागेवर ठेवल्या. "आलो घरी!" म्हणून टाळी वाजवली. पाच दिवस रोज हेच. वहिनीने एकदाही मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

सामान होतं म्हणून मीही बरोबर गेलो. सहल माझ्या तक्त्याप्रमाणे मिनिटाला मिनिट झाली. संग्रहालयात कुलपांचं एक दालन होतं. बबी तिथे हात मागे बांधून एकेका काचेपुढे उभी राहिली. एका गृहस्थांनी काचेवर बोट टेकवलं, तशी ती कडाडली, "ओ बाई! हात लावायचा नाही!" ते गृहस्थ चपापले. खरा पहारेकरी आला आणि म्हणाला, "या बाईंना कामावर घ्यायला पाहिजे. माझी रजा तरी मंजूर होईल." वहिनी इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बबीने पुन्हा तेच दालन मागितलं. जेवताना वहिनी सांगणार होती. तिने तीनदा पाण्याचा पेला उचलला आणि ठेवला.

चार वाजता आम्ही संस्थेत पोचलो. स्वच्छ बैठी इमारत, अंगण, लोखंडी फाटक. व्यवस्थापिका मोठ्या मायेने बोलल्या आणि आम्हाला एका लांब खोलीत घेऊन गेल्या. सहा खाटा होत्या. प्रत्येक खाटेच्या उशाशी नावाची चिठ्ठी लावलेली होती.

बबीने लगेच हात मागे बांधले आणि पहिल्या खाटेपासून बघत निघाली. तिला ते पुढचं दालन वाटलं. खिडकीजवळच्या खाटेशी ती थांबली. स्वतःच्या नावाचा आकार तिला चांगला ओळखता येतो.

"हे माझं नाव."

"हो गं बाळा," वहिनी म्हणाली.

"मला इथे ठेवणार?"

बबीने पर्समधून तक्त्याची घडी काढली, खाटेवर पसरली आणि शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. "इथे घरी परत आहे. काकांनी लिहिलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हो ना, काका?"

मी चष्मा काढून पुसत राहिलो.

वहिनी खाटेच्या कडेला बसली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "आई आजारी आहे. आईला आता जमत नाही. तू इथे राहायचं, मी महिन्याला भेटायला येणार. मी ह्याची तालीम घ्यायला हवी होती. घेतली नाही."

बबीचे गुडघे वाकले. व्यवस्थापिका पुढे झाल्या, वहिनीने हाताने त्यांना थांबवलं. बबी अर्धवट वाकून उभी राहिली. मग सरळ झाली.

"मग आता घे," ती म्हणाली.

अंगणात तालीम सुरू झाली. बबी पायरीवर उभी राहणार, वहिनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून फाटकापर्यंत जाणार, बाहेर पडणार, कडी लावणार. बबी हात हलवणार. पहिल्या वेळी वहिनीला फाटकापाशी रडू आलं.

"रडायचं नाही! चुकलं. परत ये," बबी ओरडली.

वहिनी परत आली. पुन्हा डोक्यावरून हात, पुन्हा फाटक, पुन्हा रडू. "आई, नीट कर ना!" तिसऱ्या वेळी कडी लागेना. चौथ्या वेळी वहिनी अर्ध्या वाटेतूनच वळली. बबी कंबरेवर हात ठेवून, एखाद्या नाठाळ पोराला समजवावं तशी म्हणाली, "घाई नको. मी आहे ना. परत कर."

आमची बस पाच वाजून दहा मिनिटांची होती. सहाव्या वेळी पाच वाजायला आले होते.

सातव्या वेळी वहिनी रडली नाही. ताठ चालत गेली, बाहेर पडली, कडी लावली. बबीने हात हलवला. वहिनीनेही हलवला आणि बाहेर भिंतीच्या आड मी थांबलो होतो, तिथे आली. आतून टाळी ऐकू आली.

"जमलं!" बबी म्हणाली. "आई, जमलं! ये आता."

वहिनीने भिंतीला हात टेकवला होता. "ये ना," पुन्हा आवाज आला. मग व्यवस्थापिकांचा हळू आवाज, आणि बबीचा, "थांबा, येतेय ती."

"वहिनी, बस," मी म्हणालो.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. शहर संपलं. मग म्हणाली, "भाऊजी, ती अजून पायरीवरच असेल."

मागच्या खोलीचे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. घर येईपर्यंत चार तास होते. मी ते बोललो नाही.