देवीचा एक्स-रे

एक्स-रेकाकांना कुठलीही वस्तू उजेडासमोर धरल्याशिवाय खरी वाटायची नाही. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या दुकानात ते धोतर असं ताणून बघत की दुकानदार म्हणे, "चाचा, कपडा है, फेफडा नहीं!" लग्नाआधी काकूंना बघायला गेले तेव्हा त्यांनी पापडसुद्धा खिडकीशी धरला होता, असं काकू शपथेवर सांगत. मी शाळेत चित्रकला शिकवायची आणि त्यांच्या दवाखान्याच्या वरच राहायची, त्यामुळे माझी चित्रंही या तपासणीतून सुटली नाहीत.

दवाखाना म्हणजे एक मशीन, एक अंधारी खोली आणि बाहेर दोन बाकं. काका डॉक्टर नव्हते, पण भिवंडीतले डॉक्टर त्यांच्या शब्दावर प्लास्टर घालत. फिल्म बघण्याआधी ते पेशंटला म्हणत, "दुखतं कुठं? बोट ठेव." एक्स-रे एकटा असला की थापा मारतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तरी एकदा ते अशा एकट्या एक्स-रेला भुललेच. मानकोलीकडच्या एका गावात हातभर उंचीच्या लाकडावर रंगवलेली जुनी देवी होती. रंगाचे पोपडे सुटायला लागले, तेव्हा आत वाळवी शिरलीय की काय म्हणून देवळाचं बघणारे पाटीलमामा ती चादरीत गुंडाळून घेऊन आले. काकांनी फोटो काढला. वाळवी नव्हती, पण देवीच्या कपाळापासून पायापर्यंत एक काळी उभी रेघ होती. "वाळवी नाही, पण लाकूड तडकलंय," काका सहज बोलून गेले.

पाटीलमामांचा चेहरा उतरला. भंगलेली देवी पुजत नाहीत, पाण्यात सोडतात. "मंग आता ठेवता येयाची न्हाय," एवढंच ते म्हणाले. गावानं बैठक घेऊन मंगळवारी खाडीत विसर्जन ठरवलं. तोवर देवी काकांच्या अंधाऱ्या खोलीतच राहिली.

काकांचं जेवणावरचं मन उडालं. मला खाली बोलावून म्हणाले, "बाई, घाई केली मी. दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही." मग त्यांनी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या शेजाऱ्याचा, अंधारातही चित्र टिपणारा हँडीकॅम आणला. दिवा मालवून तो देवीवर रोखला, तर छोट्या पडद्यावर साडीचा लाल रंग विरून गेला आणि खालचं कोळशानं केलेलं रेखाटन उमटलं. किती वर्षांपूर्वीचा तो हात! माझे डोळेच भरून आले. नंतर नोटा तपासायचा निळा दिवा लावून पाहिला. तडा झाकायला त्या रेघेवर मागाहून कुणी रंग चढवला असता तर तो वेगळा डाग होऊन दिसला असता; तसं काही नव्हतं. ते रेखाटन मी बरोबर मापात बटरपेपरवर उतरवलं आणि आम्ही ते एक्स-रेवर ठेवून दिव्याच्या पेटीवर लावलं.

काळी रेघ रेखाटनातल्या नथीतून जात होती, पण नथ कुठेही तुटली नव्हती की सरकली नव्हती. काकांनी भिंग फिरवलं. रेघेच्या दोन बाजूंच्या लाकडाच्या रेषाही एकमेकींशी जुळत नव्हत्या. "हा तडा नाहीच, बाई. दोन फळ्या आहेत. आधी जोडल्यात, मग वर चित्र काढलंय."

काकू व्यवहारी. म्हणाल्या, "नव्या मशीनवर वेगळं दिसलं, असं सांगा फोन करून. चुकलो म्हणालात तर उद्या पेशंट कोण पाठवेल?" काकांनी ऐकून घेतलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि देवी मांडीवर घेऊन रिक्षात बसले. मी मागोमाग चढले.

मंगळवार होता; विसर्जनासाठी देवळापुढे गाव जमलं होतं. "लाकूड तडकलं म्हणालो, ते चुकलं माझं," काका म्हणाले. "एकच फोटो बघून बोललो. देवी भंगलेली नाही. ती दोन फळ्यांचीच घडवलीय." मग फिल्म आणि कागद उन्हात धरून त्यांनी प्रत्येकाला नथ दाखवली. पाटीलमामा खूप वेळ बघत राहिले. "जल्मापासनं जोड हाय, मंग त्याला भंग कसा बोलाचा?" म्हणाले, आणि देवी स्वतः उचलून गाभाऱ्यात घेऊन गेले. मी तीस वर्षं वर्गासमोर उभी राहिले, पण इतक्या सरळ आवाजात चूक सांगणं मला एकदाही जमलेलं नाही.

पुढे काही महिने पेशंट खरंच कमी झाले. काकू धुसफुसत, काका बाकावर बसून पेपर वाचत. त्या विषयावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

तीनेक वर्षांनी काका गेले. त्या गावातून टेम्पो भरून माणसं आली. काकू कोरड्या डोळ्यांनी बसून होत्या. पाटीलमामा त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आमची देवी पान्यात जायाची व्हती. ह्यो मानूस सगल्यांसमोर चुकलो बोलला, म्हनून ती जागेवर हाय."

तेव्हा कुठे काकू रडल्या.