एकतीस मार्चच्या आतले दान

चार माणसे एखाद्या चांगल्या कामासाठी नियमाने एकत्र बसू लागली की कामाच्या आधी किस्से जमतात. काम संपते, किस्से संपत नाहीत. आमचे मंडळ शहाद्याचे. दत्तमंदिराच्या ओसरीवर आरतीनंतर आम्ही बसतो आणि लोकांनी दिलेले दान योग्य जागी पोचवतो. कापडाचे व्यापारी शांतीलालभाई, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर गुलाब आप्पा, आणि चिटणीस मी, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. दान करणाऱ्यांची स्तुती करण्याचा माझा स्वभाव नाही. एवढ्या किश्श्यांपुरता अपवाद करतो.

*

मंडळ नवे होते तेव्हाची गोष्ट. मार्च महिना आला की सर्वांना एकदम आयकरातली सवलत आठवते आणि चेक येऊ लागतात. आलेला पैसा तात्काळ सत्कारणी लागावा म्हणून आम्ही ब्लँकेटे घेतली. शांतीलालभाईंनी ती खरेदीच्या भावात दिली. भर दुपारी गठ्ठे घाटावरच्या धडगावला जाणाऱ्या जीपवर चढू लागले. आप्पा लिंबाच्या सावलीत उभे होते.

"भाऊ, उन्हायामा ब्लँकेट वाटी ऱ्हायनात का? मंग हिवायामा पंखा देशात."

शांतीलालभाईंनी स्वतः गठ्ठे खाली उतरवले आणि आपल्या गोदामात नेले. दिवाळी उलटून थंडी पडेपर्यंत ते तिथेच राहिले. त्या सणाला त्यांच्याकडे नवा माल ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात गेली. त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. मी पाहिले, म्हणून लिहितो.

*

त्यानंतर शांतीलालभाईंनी एक सूचना मांडली. वर्षाचे दान मार्चमध्ये नव्हे, गुढीपाडव्याला ठरवायचे. कोणाला काय हवे ते आधी विचारायचे, आणि मग वर्षभर थोडे थोडे बाजूला काढायचे.

मी म्हणालो, "वर्षाच्या सुरुवातीला माणसाला स्वतःचेच काही ठाऊक नसते. शेवटी जे उरेल ते द्यावे."

शांतीलालभाईंनी गाभाऱ्याकडे पाहिले. "मास्तरजी, ठाकुरजींना भोग आपण जेवल्यावर लावतो का?"

सूचना एकमताने मंजूर झाली.

*

मागच्या वर्षी शांतीलालभाईंच्या सीएने फोन केला. त्यांनी तो आमच्यासमोर स्पीकरवर घेतला. त्यांचा कर आता नव्या पद्धतीने भरला जाणार होता, आणि त्या पद्धतीत दानावर सवलत नव्हती.

"शेठजी, देण्यात आता काही फायदा नाही," सीए समजावून सांगत होता. "हात आखडता घ्या."

"म्हणजे सवलत गेली?"

"पूर्ण गेली."

"चला," शांतीलालभाई म्हणाले. "मग आता जे राहिलं ते दान."

त्यांनी फोन ठेवला आणि ठरलेला चेक लिहिला.

*

या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात कळसाडीच्या मंजूबेन ओसरीवर आल्या. त्यांची केळी आणि ऊस आहे. पावसाळ्यात त्यांचे यजमान वारले. त्यांच्या नावाने गावच्या मंदिरापुढे मोठे दार उभारायचे, वर कमान, कमानीवर नाव, आणि हे सर्व एकतीस मार्चच्या आत ठरवायचे, असा त्यांचा निश्चय होता.

आप्पा म्हणाले, "बेन, देऊळले दोन दारं शेतस. तिसरं कसाले? देव काय पळी जाई ऱ्हायना?"

मंजूबेन ताठ झाल्या. "आप्पा, आम्हाला मूलबाळ नाही. त्यांचं नाव घेणारी मी एकटी. माझ्यामागे कोण घेईल? दगडात कोरलेलं तरी राहील."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

शांतीलालभाई म्हणाले, "बेन, दार जरूर करा. फक्त आमच्या मंडळाची एक रीत आहे. देण्याआधी घाट चढायचा, एक जागा बघायची. मग तुमच्या मनाला येईल तिथं द्या."

*

आम्ही धडगावला गेलो. तिथे मुलींचे एक लहान वसतिगृह आहे. ते रुमालीबाई चालवतात. वरच्या पाड्यांवरच्या मुली त्यांच्याकडे राहून शिकतात. रुमालीबाईंनी चहा दिला. वसतिगृह दाखवले नाही, मागितले काही नाही.

शेवटी मंजूबेननीच विचारले, "बाई, तुम्हाला काय पाहिजे?"

"दार," रुमालीबाई म्हणाल्या.

मंजूबेन रागाने आमच्याकडे वळल्या. "माझ्या दाराचं यांना कोणी सांगितलं? मला धडा शिकवायला इथं आणलं का?"

आम्ही कोणीच सांगितले नव्हते. शांतीलालभाईंनी कानाला हात लावला.

रुमालीबाईंना यातले काही कळले नाही. त्यांनी मंजूबेनचा हात धरला आणि मागच्या अंगणात नेले. तिथे न्हाणीघरांची रांग होती. चौकटी होत्या, दारे नव्हती. प्रत्येक चौकटीत जुनी साडी बांधलेली, आणि ती वाऱ्याने उडत होती.

"मोठ्या मुली अंधार असतानाच आंघोळ उरकतात," रुमालीबाई म्हणाल्या. "उजाडलं तर तशाच शाळेत जातात. सुट्टीला घरी गेल्या की काही जणी परत येत नाहीत. आई-बापाला कारण सांगत नाहीत. मला सांगतात."

मंजूबेननी उडणारी एक साडी हाताने धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

*

परतल्यावर शहाद्याच्या स्टँडवर मंजूबेन जीपमधून उतरल्या, पदर सारखा केला आणि शांतीलालभाईंना विचारले,

"लोखंडी करायची की लाकडी?"

*

चेक एकतीस मार्चच्या बऱ्याच आधी वटला. सुट्टीत काम झाले. जूनमध्ये मुली यायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा घाट चढलो. पत्र्याची भक्कम दारे लागली होती, हिरवा रंग वाळला होता. शहाद्याहून आणलेला पेंटर पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन थांबला होता. यजमानांचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहायचे, असे मंजूबेननीच त्याला सकाळी निघताना बजावले होते.

मंजूबेन पहिल्या न्हाणीघरात शिरल्या. दार ओढले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही अंगणात उभे राहिलो. रुमालीबाई पायरीवर बसल्या.

पेंटरला उशीर होत होता. त्याने दारावर टकटक केली.

"बेन, दादांचं नाव कुठं टाकू? वर की मधोमध?"

आतून आवाज आला.

"आत बाई आहे, कळत नाही का? नाव-बीव काही नको. आधी लांब हो."