दादाची रविवारची टूर

दादा गेल्यापासून आमच्या लंडनजवळच्या पिनरच्या घरात दोन गोष्टी साठल्या आहेत. लोकांनी आणलेले डबे आणि दादाचे किस्से. डबे आई एकेक करून परत करते आहे. किस्से मात्र तिला घरात नको आहेत. "हार्टने गेला एवढं सांग," ती म्हणते. "बाकीचं काढू नकोस."

हार्टने गेला हे खरंच. पण त्याआधी कितीतरी वर्षं दादाचं मन आजारी होतं, तो वॉर्डात राहून आला होता आणि बरं वाटायला लागल्यावर दर रविवारी एका जुन्या वेड्यांच्या इस्पितळात गाइड म्हणून जायचा, हेही खरं. मेडनहेडच्या पुढे आहे ते, आता तिथे म्युझियम आहे. अठराव्या शतकातले डॉक्टर वेडावर काय काय उपचार करायचे, ते दादा लोकांना दाखवायचा. मी शाळा लवकर सोडली, डिलिव्हरीची व्हॅन चालवतो. संध्याकाळी त्याला घ्यायला मीच जायचो. पार्किंग मिळायचं नाही, म्हणून खालूनच हॉर्न द्यायचो.

हे सगळं पुसून टाकायचं, तर माझ्याकडे कुठला दादा उरतो?

*

टूर सुरू व्हायची ती रक्त काढायच्या वाडग्यापासून. "वसंत आला की इथे सगळ्यांची शीर कापायचे," दादा सांगायचा. "रडणाऱ्याची, नाचणाऱ्याची, गप्प बसणाऱ्याची. आजार कुठलाही असो."

एकदा एका साहेबाने विचारलं, "त्याने गुण यायचा?"

"शांत व्हायचे," दादा म्हणाला. "तुमचं एवढं रक्त काढलं, तर तुम्हीही प्रश्न विचारणार नाही."

*

वेम्बलीचे आमचे काका दादाला भेटले की एकच औषध सांगायचे. "अरे, मन खंबीर कर. आम्हाला नाही का टेन्शन?"

ते एकदा म्युझियम बघायला आले. तिथे गरगर फिरवायची एक खुर्ची आहे, जुन्या खुर्चीसारखी हुबेहूब बनवलेली. पेशंटला त्यात बांधून ओकारी येईपर्यंत फिरवायचे आणि मग तो गळून गेला की म्हणायचे, सुधारतो आहे. काकांना बसून बघायचंच होतं. दादाने हळूच फिरवली. दोन-तीन फेऱ्यांतच काकांचा चेहरा पांढरा पडला.

"बस कर रे, बस कर."

"काका," दादा म्हणाला, "मन खंबीर करा."

त्यानंतर काकांनी ते औषध कधी सांगितलं नाही.

*

त्या काळी एका डॉक्टरचा म्हणे असा दावा होता की वेड्याच्या डोळ्यांत रोखून बघितलं की तो वठणीवर येतो. दादा ते करून दाखवायचा. समोरच्या कोणाला तरी उभं करायचा आणि नजर लावायचा. लोक हसत सुटायचे.

एका रविवारी गर्दीत दादाच्या स्वतःच्या डॉक्टर उभ्या होत्या. मूळच्या नागपूरच्या. दादाने त्यांनाच पुढे बोलावलं. दोघं किती तरी वेळ एकमेकांकडे बघत राहिले.

मग दादा मराठीत म्हणाला, "मॅडम, स्क्रीन सोडून माझ्याकडे एवढा वेळ तुम्ही पहिल्यांदाच बघताय."

पुढच्या अपॉइंटमेंटला बाईंनी कॉम्प्युटर भिंतीकडे वळवून ठेवला होता. हे दादानेच मला व्हॅनमध्ये सांगितलं. सांगताना तो हसला नाही.

*

थंड पाण्याच्या हौदाशी मात्र तो विनोद करायचा नाही. पेशंटला काही न सांगता मागून ढकलून द्यायचे. घाबरला की शुद्धीवर येतो, असं डॉक्टरांना वाटायचं. तेवढं सांगून दादा थांबायचा. त्याची दुपारच्या गोळीची वेळ तिथेच यायची. तो सगळ्यांसमोर खिशातून गोळी काढायचा, बाटली उघडायचा. घोटभर पाण्याबरोबर ती गिळायचा.

"पाणी आजही लागतं," तो म्हणायचा. "पण एवढंच."

*

काल आई एक डबा पुसता पुसता थांबली. "त्या जागी लोक तिकीट काढून वेडे बघायला यायचे ना रे? आणि माझा मुलगा तिथेच लोकांसमोर उभा."

"यायचे," मी म्हटलं. "काठीने डिवचायचे पण. दादाच सांगायचा."

तिने डबा खाली ठेवला. मग मी तिला शेवटच्या रविवारचं सांगितलं. मी तेव्हा खाली होतो. वर काय झालं ते तिकीटखिडकीवर बसणाऱ्या मार्गरेटने, ती तेव्हा वर हॉलमध्येच होती, मला फ्युनरलच्या दिवशी सांगितलं.

टूर शेवटच्या हॉलमध्ये आली होती, जिथे ती गर्दी जमायची तिथे. एका आजीबाईंनी विचारलं, "एवढ्या गर्दीत वेडे कोण आणि पाहुणे कोण, हे कसं ओळखायचे?"

"संध्याकाळी कळायचं," दादा म्हणाला. "ज्याला घरी न्यायला कोणी येतं, तो पाहुणा."

तेवढ्यात मी खालून हॉर्न दिला.

मार्गरेट म्हणते, दादाने गळ्यातला गाइडचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला, कोट उचलला आणि सगळ्यांना म्हणाला, "माफ करा हं. मी पाहुणा आहे."